खोकलेकर आणि मावशीचे कागद

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शुद्धलेखन सांभाळून घे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही आणि आता तर शाळाही नाही. शिवाय एकेक अक्षर शोधून दाबतेय. आई मघाशी डोकावून गेली, म्हणाली, अजून "प्रिय मावशी"वरच का? खरंच तिथेच होते.

तू म्हणाली होतीस की फोनवर मी "हं"च्या पुढे जात नाही, तर लिहून तरी कळव. म्हणून लिहितेय. तुझा डोळा कसा आहे? थेंब घालतेस ना वेळेवर?

तू लेकाकडे, दादाकडे राहायला गेलीस तेव्हापासून कटिंगचं टेबल रिकामं आहे. आईने आधी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले, मग संध्याकाळी स्वतःच उचलले. मला म्हणाली, तिथे काही ठेवू नकोस. जसं काही मीच ठेवले होते.

काल दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर आल्या होत्या. त्यांच्या सगळ्या नर्सेसना नवीन कोट हवेत. आईने छाती पुढे काढून सांगितलं, कटिंग आमची ताईच करणार, लांब गेली म्हणून काय झालं. सिस्टर गेल्यावर मात्र खुर्चीत बसली आणि मला खरं सांगितलं. कापडावर ठेवून आखायचे तुझे फर्म्यांचे कागद इथे येऊन छापले गेले तर ठीक. नाही आले तर मागच्या गल्लीतल्या कटिंग मास्तरला बोलवावं लागेल. "आणि एकदा मास्तर त्या टेबलाशी उभा राहिला की ताईचं टेबल गेलं गं." असं म्हणाली आणि दोरा तोडायला लागली. दोरा आधीच तोडलेला होता.

तर प्रिंटर चालू करायचं काम माझ्यावर आलंय. दादा इथून जाताना माळ्यावर टाकून गेला होता तो काळा, जड. मी आणि आईने तो बाळंतिणीला आणतात तसा सांभाळून खाली आणला. सुरू केला की आधी घसा खाकरतो, मग बराच वेळ खोकतो, मग गप्प. आईने त्याचं नाव खोकलेकर ठेवलंय. दुकानात त्याला ठेवता येत नाही, कापडाची तुसं उडतात ती त्याच्या पोटात जातील. म्हणून तो आतल्या खोलीत ट्रंकेवर, आणि कॉम्प्युटर बाहेर काउंटरवर. मध्ये वायर टाकली तर आई पाय अडकून पडणार हे नक्की. म्हणजे नेटवरूनच जोडायला हवा. पण त्याला घरातलं नेट सापडतच नाही. त्याला स्क्रीन नाही, नुसते दिवे आहेत, आणि एक दिवा सारखा लुकलुकतो. मीही त्याच्याकडे बघत बसते. आम्ही दोघंही बोलत नाही.

दादाला विचारशील का?

तुझी,
मुंगी

---

९ फेब्रुवारी

माझ्या मुंगे,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की दादाची बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. एवढं बोलतेस तू, आणि आम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करू नकोस. मी तर या टॅबलेटवर बोटाने लिहितेय आणि तो मधेच माझ्या शब्दाचं भलतंच काहीतरी करतो. मी परत सुधारते, तो परत करतो. आमचं भांडण चालू आहे.

दादाला विचारलं. तो जेवत होता, त्यामुळे निम्मं उत्तर घासाबरोबर पोटात गेलं. उरलेलं सांगते. तुमच्या नेटच्या डब्यातून दोन वाटा निघतात म्हणे, एक जलद आणि एक सावकाश. नवीन फोन-बिन जलद वाटेने जातात. आपला खोकलेकर जुना माणूस, त्याला जलद वाट दिसतच नाही. आणि तुमच्या डब्यात दोन्ही वाटांना एकच नाव दिलंय, म्हणून तो गोंधळतो. डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून सावकाश वाटेला वेगळं नाव दे. मग डब्याच्या पाठीमागचं बटण दाब, आणि लगेच प्रिंटरचं बटण दाब, दोघांची ओळख होते. लग्न जुळवल्यासारखंच आहे. मला जेवढं कळलं तेवढं लिहिलं. चूक असेल तर दादाच्या घासाची.

माझा डोळा झकास. मोतीबिंदू काढल्यापासून मला भिंतीवरचे डाग दिसायला लागलेत. तोपर्यंत मला वाटायचं सून भिंती छान स्वच्छ ठेवते.

नर्सेसच्या कोटाचा फर्मा मी काढायला घेतला आहे. जेवणाचं टेबल आखूड पडतं, म्हणून मागचा भाग गुडघ्यावर बसून जमिनीवर आखला. सून म्हणाली, आई, या वयात जमिनीवर? मी म्हटलं, याच वयात जमिनीवर, पुढच्या वयात उठता येणार नाही. माझे खाकी कागद दादा त्याच्या ऑफिसात नेईल. तिथे घरांचे नकाशे काढतात, त्यासाठी मोठं मशीन आहे. त्यावर जसाच्या तसा फोटो निघतो, एका केसाचाही फरक नाही. मग तो त्याचे पानाएवढे तुकडे करून तुला पाठवेल. तू छापायचे आणि चिकटवायचे.

खरं सांगू? कात्री हातात घेतली आणि मला बरं वाटलं. इथे सगळे मला फार जपतात. जपून जपून मला खुर्चीवर बसवून ठेवलंय.

तुझ्या आईला सांग, कोट उत्तम होणार.

मावशी

---

१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

लग्न जुळलं.

सावकाश वाटेला मी "खोकलेकर" असंच नाव दिलं. बटणं दाबायला मात्र धावावं लागलं, कारण डबा दुकानात आणि प्रिंटर आत. पहिल्यांदा मधेच एक बाई फॉल लावायला साडी घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना बाजूला व्हा म्हणू शकले नाही, तशीच थांबले. तोपर्यंत वेळ निघून गेली. दुसऱ्यांदा आईने तिकडचं बटण दाबलं आणि ओरडली, "दाबलं गं!" तर लुकलुकणारा दिवा शांत झाला. आईने विचारलं, मेला का? मी म्हटलं, नाही, जोडला गेला.

मग रात्री लाइट गेली, आणि सकाळी कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर सापडत नाही. समोर बसलाय, खोकतोय, आणि सापडत नाही. दादाला विचारायचा धीर झाला नाही, तो परत जेवत असेल असं वाटलं. मग मीच शोधलं. डबा प्रत्येकाला एक पत्ता देतो, आणि लाइट गेली की पत्ते बदलतो. कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत होता. डब्यातच एक जागा आहे, तिथे सांगता येतं की याचा पत्ता कायमचा हाच. ते केलं. आता लाइट कितीही जाऊ दे.

हे सगळं मी एकटीने केलं, मावशी. शाळा सुटली तेव्हा सगळे म्हणत होते की आता ही काय करणार. मीही म्हणत होते.

दादाने पाठवलेले तुकडे आले. पण छापले तर प्रत्येक पानाच्या कडा कापल्या जातात. खोकलेकर अगदी कडेपर्यंत छापतच नाही, चहूबाजूंनी पांढरी पट्टी सोडतो, आणि त्या पट्टीत तुझ्या रेघेचा तुकडा गायब होतो. पानं जोडली तर रेघ एका पानावर थांबते आणि पुढच्यावर भलतीकडून निघते. बाहीचा गोल तर खडबडीत रस्त्यासारखा दिसतो. आईने ते बघितलं आणि मास्तरचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

काय करू?

मुंगी

---

१५ फेब्रुवारी

मुंगे,

शाब्बास गं माझी बाई. दादाला वाचून दाखवलं तर म्हणाला, पत्ता कायमचा करायचं त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी लगेच सुनेलाही वाचून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, मलाही नाही, पण आम्ही दोघी खूश.

कडांचं मात्र तुलाच बघावं लागेल, विचारायच्या आत दादा कामासाठी बाहेरगावी गेला, आठवडाभर नाही. तिकडे रेंज नाही म्हणतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू तुझं डोकं चालव, ते चालतं हे सिद्ध झालंय.

एक गोष्ट तेवढी लक्षात ठेव. कागद जोडलेस की आईच्या हातात दे आणि बाजूला हो. आम्ही दोघींनी दुकान घातलं तेव्हा पहिल्याच दिवशी तुझी आई माझ्या फर्म्यावर टेप लावून बघायला लागली. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, छोटे, तुला माझ्यावर विश्वास नसेल तर तू काप आणि मी शिवते. तेव्हा माझं रक्त गरम होतं. पण त्यानंतर तिने माझ्या कागदावर टेप कधीच लावली नाही. गिऱ्हाईकाची मापं मला सांगायची, मी कापायचं, आणि माझ्या हातातून कागद निघाला की तो खरा. तिला कोणी विचारलं की छाती मोजलीत का, तर म्हणायची, ताईने कापलंय. एवढ्यावर आमचं सगळं चाललं.

लांब आले म्हणून ते मोडू नये एवढंच वाटतं. बाकी मला इथे काही कमी नाही.

मावशी

---

१८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

जमलं. फारच सोपं होतं. छापायच्या आधी एक खिडकी उघडते, त्यात "पानात बसवा" असं एक खूण करायचं घर आहे. त्यावर खूण केली की खोकलेकर सगळी रेघ पांढऱ्या पट्टीच्या आत आणून छापतो, काहीच कापलं जात नाही. मी पट्ट्या कात्रीने काढून पानं जोडली. सगळे तुकडे असे जुळले, असे जुळले की सांधा शोधावा लागतो. बाहीचा गोल मुंढ्यात बरोबर बसला. खुणा खुणांसमोर आल्या. कॉलर मानेवर चपखल.

आईच्या हातात कागद दिला आणि तू सांगितल्याप्रमाणे बाजूला झाले. तिने तो टेबलावर पसरला आणि त्यावरून तळहात फिरवला, जसा कापडावरून फिरवते तसा. मग म्हणाली, ही खांद्याची उतरण बघ, अशी कोणाला येत नाही, ताईच आली बघ घरी. आणि लगेच मला ओरडली की अशी बघत काय बसलीस, टाचण्या आण.

टेप नाही लावली. खडू घेतला आणि सरळ कापडावर आखायला लागली.

नमुन्याचे काही कोट आधी शिवायचे आहेत, मोठ्या सिस्टरना आणि तिथल्या आणखी दोघीतिघींना. ते पसंत पडले की बाकीचे. कॅलेंडरवरचा नंबर आईने खोडून टाकलाय.

आनंदाने रात्री झोप लागेना, म्हणून सकाळीच लिहितेय.

मुंगी

---

२७ फेब्रुवारी

मुंगे,

बरेच दिवस तुझं पत्र नाही. का नाही ते मला काल कळलं. तुझ्या आईचा फोन आला होता.

तिने फार सांभाळून सांगितलं. आधी सगळ्यांची तब्येत विचारली, मग सुनेची, मग सुनेच्या आईची. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. मग म्हणाली, ताई, कोट थोडे घट्ट झालेत, थोडेच. मी विचारलं, सगळे? तर परत सुनेच्या आईची तब्येत विचारली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तुझं काम चोख केलंस. डोळ्याचं असं असतं, मला वाटत होतं मला आता जास्त दिसतंय, पण दिसणं वेगळं आणि नजर वेगळी. जमिनीवर बसून आखताना कुठेतरी हात आखडला असणार. आईला म्हटलं, मास्तरला बोलव, तो चांगला माणूस आहे, मी ओळखते त्याला. माझे कागद यापुढे पाठवणार नाही. नर्सेसना हात वर करता येत नाहीत असे कोट घालायला लावणं बरं नाही.

इथे छान आहे. शेजारच्या बायका संध्याकाळी फिरायला जातात, मीही जाते. खूप वेळ असतो, म्हणून विणकाम शिकायचं म्हणतेय.

तू लिहीत राहा. प्रिंटरचं काही नसलं तरी लिही.

मावशी

ता.क. मी दादा. आईने टॅबलेट टेबलावर ठेवला म्हणून हळूच लिहितोय. ती फिरायला जात नाही. फोन आल्यापासून बाल्कनीत बसून असते. कात्री फडक्यात गुंडाळून माझ्या बायकोला म्हणाली, ही कोणा शिवणाऱ्या बाईला देऊन टाक. आम्ही अजून दिलेली नाही, कपाटात लपवली आहे. तुमच्याकडे नेमकं काय झालं?

---

१ मार्च

प्रिय मावशी,

हे पूर्ण वाच, मधे सोडू नकोस.

आधी काय झालं ते सांगते. मोठ्या सिस्टर कोट घालून बघायला आल्या, सोबत आणखी दोघी. मोठ्या सिस्टरनी कोट घातला, बटणं लावली, ती लागली, पण श्वास घेतला की बटणं एकमेकांकडे बघायला लागायची. त्या म्हणाल्या, मी जाडी झाले का हो? आई म्हणाली, छे, कापड नवीन आहे, सैलावेल. मग त्यांनी सलाईनची बाटली अडकवतात तसा हात वर केला आणि बगलेत टर्र असा आवाज झाला. आम्ही सगळे ऐकू न आल्यासारखं उभे. मग बारक्या सिस्टरनी त्यांच्या मापाचा घातला. त्या काडीसारख्या आहेत, त्यांनाही घट्ट.

आईने त्यांना दारापर्यंत पोचवलं. त्या गेल्यावर बाही मांडीवर घेऊन बसली. तुला नावं ठेवली नाहीत, खरंच. एवढंच म्हणाली की ताई दमली आता, आपणच समजून घ्यायला हवं. आणि तेव्हाही तिने कागदावर टेप लावली नाही. कापलेल्या कापडावर लावली, कोट उसवून शिलाई सोडून बघितली, पण कागद घडी करून बाजूला ठेवला. तुझ्या कागदाला तिने हातही लावला नाही नंतर.

मला लिहायला तोंड नव्हतं म्हणून लिहिलं नाही. पण तुझं पत्र आलं आणि मला राहवेना. आई बाजारात गेली तेव्हा मी खिळ्याला टांगलेले तुझे जुने खाकी फर्मे काढले. त्यात नर्सेसच्या कोटाची कॉलर आहे, हीच कॉलर तू कायम वापरतेस, आपल्याकडच्या सगळ्या कोटांना. मी तुझी छापलेली कॉलर तिच्यावर ठेवली. मावशी, छापलेली लहान आहे. पण कशी लहान? चारही बाजूंनी खाकी कागदाची कड दिसते, सगळीकडे एकाच प्रमाणात. लांबी जितक्या पट कमी, रुंदीही तितक्याच पट.

मी तिथेच बसून विचार केला. माणसाचा हात चुकला तर एका बाजूला चुकेल. डोळा चुकला तर कुठे जास्त, कुठे कमी. सगळीकडून इतकं सारखं चुकायला माणूस फार हुशार लागेल.

मला वाटतं ते "पानात बसवा" आहे. पानात बसवायला खोकलेकरने सगळंच थोडं थोडं लहान केलं. सगळं एकदम लहान झालं म्हणून तुकडे एकमेकांशी जुळले आणि कोणाला कळलं नाही. ती खूण मीच केली होती, आणि मला वाटलं मी फार शहाणी.

आता तू एक कर. तुझ्याकडचा मूळ खाकी कागद काढ आणि त्यावर टेप लाव. छातीला. मला माहीत आहे तू लावत नाहीस. पण लाव. माझ्यासाठी.

आईला मी अजून सांगितलं नाही. मास्तर शुक्रवारी यायचेत, त्यांना बोलावणं गेलंय.

मुंगी

---

३ मार्च

माझ्या मुंगे,

लावली.

आधी एक दिवस लावली नाही. पत्र वाचलं आणि टॅबलेट पालथा ठेवला. मला भीती वाटली. समज, टेप लावली आणि कागदच चुकीचा निघाला तर? आत्तापर्यंत नुसता संशय होता, मग खात्री झाली असती. मी आयुष्यात इतकं कापलं, पण कापून झाल्यावर मागे वळून मोजलं नाही. मोजलं तर हात बिचकतो असं माझं होतं.

आज सकाळी दादा ऑफिसला गेला, सून आंघोळीला गेली, तेव्हा कागद काढला. दार लावून घेतलं, चोरी करतेय असं. छातीला टेप लावली. मग मुंढ्याला. मग पाठीला. मग परत छातीला.

बरोबर आहे गं. जे माप तुझ्या आईने सांगितलं होतं ते, त्यात ढिलाईसाठी सोडते तेवढं, दोऱ्याएवढंही इकडे तिकडे नाही. मी टेप गळ्यात घातली आणि तशीच बसले. सून बाहेर आली आणि म्हणाली, काय झालं, रडताय का? मी म्हटलं, थेंब घातलेत डोळ्यात.

दादा म्हणतो तुझं खरं आहे. छापताना "खऱ्या मापात" असं निवडायचं. कडा कापल्या जातील त्याला इलाज त्याच्याकडून आहे, त्याने तुकडे पानापेक्षा लहान केलेत आणि जोडायला पट्टी सोडली आहे. हे आधीच करायला हवं होतं म्हणतो. त्याला ऐकल्यापासून कसंसंच होतंय, होऊ दे थोडं. त्याने नवे तुकडे आजच पाठवलेत. शिवाय मी प्रत्येक पानावर कोपऱ्यात बरोबर पाच इंचांची रेघ आखायला लावली आहे, छापल्यावर तिच्यावर टेप लावून बघायची.

पण मुंगे, तुझ्या आईला हे मी सांगणार नाही. मी फोन केला तर तिला वाटेल ताई स्वतःची बाजू सावरतेय. ती हो हो म्हणेल आणि मास्तरला ठेवेल, मला वाईट वाटू नये म्हणून. तिला मी ओळखते. हे तुलाच सांगावं लागेल, आणि मास्तर येण्याआधी, नाहीतर निदान आल्यावर तरी. तोंडाने. पत्र लिहून देऊ नकोस तिला, तिला चष्मा सापडत नाही कधी.

तुला बोलणं किती जड जातं ते मला माहीत आहे. म्हणूनच मागतेय.

तुझीच,
मावशी

(कात्री सापडत नाहीये. कोणी लपवली देव जाणे.)

---

१४ मार्च

प्रिय मावशी,

आधी मी घाबरटपणा केला ते सांगते. तुझं पत्र आलं त्या दिवशी आईसमोर जाऊन उभी राहिले. तिने विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, पोट दुखतंय का?

गुपचूप मी नवे तुकडे खऱ्या मापात छापले मात्र. कोपऱ्यातली रेघ मोजली. बरोबर आली.

शुक्रवारी मास्तर आले. माणूस खरंच चांगला आहे, चप्पल बाहेर काढून आत आले. त्यांनी टेबल बघितलं, उंची बघितली, म्हणाले, उजेड छान आहे इथे. मग त्यांनी फाटलेला कोट हातात घेतला, मुंढा उलटसुलट केला आणि आईला म्हणाले, बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण हात थकला की असं होतं, माझ्या वडिलांचंही झालं होतं. आईने मान खाली घातली आणि हळूच हलवली. आणि मास्तरनी आपली लाकडी पट्टी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

ती पट्टी तिथे बघितली आणि माझ्या तोंडातून निघालं, "मावशीचा हात चुकला नाही."

आवाज कसातरीच निघाला, गंजलेल्या कडीसारखा. आईने असं वळून बघितलं की जणू शिवणयंत्र बोललं. मास्तर पण बघायला लागले. आता माझं तोंड परत बंद होणार हे मला कळत होतं, म्हणून मी पळत जाऊन खाकी कॉलर आणि आधीची छापलेली कॉलर आणली आणि एकावर एक टेबलावर ठेवली.

"आई, टेप लाव."

"ताईच्या कागदावर?" आईचा हात गळ्यातल्या टेपवर गेला, पण तिथेच थांबला.

"हा तिचा नाही. हा खोकलेकरचा आहे. त्याने लहान केलाय. मीच करायला लावला, मला माहीत नव्हतं."

मास्तरनी विचारलं, खोकलेकर कोण? तेवढ्यात आत तो खरंच खोकला, मी चालूच ठेवला होता.

आईने टेप लावली. आधी छापलेल्यावर, मग तुझ्या खाकीवर, मग मी नवीन आणून दिला त्याच्यावर. नवीन आणि खाकी अगदी सारखे. तिने तीनही कागद परत परत मोजले. मग खुर्चीत बसली आणि पदराने तोंड पुसलं. म्हणाली, ताई थकली असं मी म्हटलं. मी तिला सांगितलं, मावशीही तेच खरं धरून बसली. तेवढं आणखी बोलले, मग माझं बोलणं संपलं, दिवसभराचं.

मास्तरनी कॉलर उचलून उजेडात धरली, वळणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, सुरेख कापतात तुमच्या ताई. आई म्हणाली, चहा घ्या मास्तर, पण टेबल रिकामं नाही. त्यांनी हसून पट्टी पिशवीत टाकली आणि दोन कप चहा घेतला. पायजम्यांचं काम जास्त झालं तर इकडे पाठवतो म्हणाले.

नवीन कोट शिवले. मोठ्या सिस्टरनी घातला, दोन्ही हात वर केले, मग एक गिरकी घेतली, आणि मग बारक्या सिस्टरना म्हणाल्या की आता मी जाडी नाही असं सगळ्यांना सांग. बाकीची पूर्ण ऑर्डर आपल्याकडे. आई परत पूर्वीसारखी, कागद आला की तळहात फिरवते आणि खडू घेते. कोपऱ्यातली रेघ मोजायचं काम माझं. ते मला नेमून दिलंय.

तुला काल फोनवर तिने काय सांगितलं ते मी ऐकत होते. भाजी महागली, नळाला पाणी कमी येतं, हेच सांगत होती. तिला दुसरं बोलायचं होतं, ते तिला जमत नाही. हे आमच्या घरातच आहे. आत्ता ती माझ्या पाठीमागे उभी आहे आणि म्हणतेय, लिही: ताई, दवाखान्यातल्या लहान मुलांसाठी झबली हवीत, नऊ महिन्यांपासून पुढची. फर्मा तूच काढ. जमिनीवर बसू नकोस, दादाला मोठं टेबल घ्यायला सांग. आणि लिही की मी चुकले. मी विचारलं, हे असंच लिहू? ती म्हणाली, असंच लिही, आणि आत गेली.

दादाला सांग, कात्री परत दे.

बाकी काय. अगं, थांब, आत्ता केवढा आवाज झाला. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली, कोणाला लागलं नाही, पण जिन्यावरून धबधबा वाहतोय आणि पहिल्या मजल्यावरचे काका लुंगी वर धरून उभे आहेत. मी बघायला चालले.

मुंगी